वस्तू कोणाची, हे आधी: वायव्य किनाऱ्यावरचं जुनं लाकूडकाम जमवणाऱ्यांसाठी

व्हँकुव्हर किंवा सिॲटलला स्थायिक झालेल्या मराठी घरांतून शोकेसमध्ये एखादा वीतभर टोटेम खांब, म्हणजे प्राण्यांच्या आकृत्या एकावर एक कोरलेला लाकडी खांब, हमखास दिसतो. कोणीतरी विमानतळावरून आणलेला असतो किंवा निरोप समारंभात ऑफिसने दिलेला असतो. त्यातल्या एखाद्याला पुढे खरोखरीचा नाद लागतो. तो संग्रहालयं पालथी घालतो, लिलावाचे कॅटलॉग चाळतो आणि एक दिवस एखाद्या जुन्या मुखवट्यावर बोली लावायला बसतो. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याने तो बोली लावण्याआधी वाचावा.

आपण बोलतोय ते उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याबद्दल, म्हणजे आग्नेय अलास्कापासून ब्रिटिश कोलंबियामार्गे वॉशिंग्टन राज्यापर्यंत. ट्लिंगिट, हायडा, सिम्शियन, निस्गा, हायस्ला, हेल्टसुक, क्वाक्वाकावाक्व, नुचानुल्थ, कोस्ट सॅलिश असे अनेक समाज इथले. त्यांच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. ‘रेड इंडियन मुखवटा’ एवढीच चिठ्ठी लावून कोणी वस्तू विकत असेल तर त्याला तिच्याबद्दल काही माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही.

सुरुवात दोन ढिगांनी

डोळ्यांसमोर दोन ढीग करा. एकात विकण्यासाठीच बनवलेल्या वस्तू: छोटे टोटेम खांब, हायडा कारागिरांनी १८२० च्या सुमारापासून खलाशांना आणि प्रवाशांना विकलेलं काळ्या आर्जिलाइट दगडाचं काम, अलास्कात प्रवासी जहाजं सुरू झाल्यावर त्यांच्यासाठी कोरलेले चमचे, पेट्या, वल्ही. दुसऱ्यात सोहळ्यात वापरलेल्या वस्तू: नाचाचे मुखवटे, शिरोभूषणं, खुळखुळे, मेजवानीची मोठी पात्रं, घराचे कोरीव खांब. बाजारात दोन्ही ढीग एकाच टेबलावर मांडलेले असतात. वेगळे तुम्हालाच करावे लागतात.

दुसऱ्या ढिगात अडचण काय, हे क्लुकवान गावच्या व्हेल हाउसच्या प्रकरणातून लख्ख कळतं. अलास्कातल्या चिल्कॅट नदीकाठच्या या ट्लिंगिट गावात एका कुळाचं घर होतं. त्यात चार कोरीव खांब आणि एक भव्य रंगवलेला लाकडी पडदा होता. या किनाऱ्यावरच्या कोरीव कामात त्याला तोड नाही असं जाणकार सांगतात. विक्रेते आणि संग्रहालयं कितीतरी वर्षं त्यावर टपून होती. १९८४ मध्ये बाहेरच्या एका व्यापाऱ्याने कुळातल्याच काही जणांशी संधान बांधून ते सगळं गावाबाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं. अखेर १९९३ मध्ये गावाच्या न्यायालयाने निकाल दिला की या वस्तू अख्ख्या कुळाच्या आहेत, त्या विकण्याचा अधिकार कोणा एकाला नाही. पुढच्या वर्षी सगळं परत आलं.

कोकणात गुरव देवीचा मुखवटा सांभाळतो, पालखीला काढून देतो, पुन्हा पेटीत ठेवतो. उद्या त्याने तो सराफाला विकला तर पावती कितीही खरी असली तरी व्यवहार खोटाच. किनाऱ्यावरच्या सोहळ्याच्या वस्तूंचं बरंचसं असंच आहे. वस्तू ज्याच्या घरात तो राखणदार. तिच्यावरचं कुलचिन्ह, तिच्यासोबतचं गाणं, ती घालून नाचण्याचा हक्क हे सगळं कुळाचं किंवा घराण्याचं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘खरी आहे का?’ हा विचारू नका. ‘मुळात ही कोणी विकली, आणि त्याला ती विकता येत होती का?’ हे विचारा.

तारखा वाचायला शिका

कॅनडाने १८८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला. नाव ठेवणं, लग्न, मृत्यू, वारसा अशा प्रसंगी पाहुण्यांना बोलावून, नाचून, त्यांना भरभरून देऊन सगळ्यांसमक्ष हक्क पक्के करायचे, असा हा सोहळा. बंदी १९५१ पर्यंत टिकली. डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिलेज आयलंडवर क्वाक्वाकावाक्व समाजाच्या डॅन क्रॅन्मर यांनी मोठा पॉटलॅच केला आणि सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याने ४५ जणांवर खटले भरले. मुखवटे, खुळखुळे, तांब्याचे मानाचे पत्रे सरकारजमा करा, म्हणजे शिक्षा टळेल, अशी अट घातली गेली. काहींनी दिलं, काही तुरुंगात गेले. अलर्ट बे गावात जमा झालेला माल ओटावा आणि टोरंटोच्या संग्रहालयांत गेला, काही भाग न्यूयॉर्कचा संग्राहक जॉर्ज हाय याने विकत घेतला.

याचा व्यवहारात उपयोग असा. एखाद्या क्वाक्वाकावाक्व मुखवट्याच्या कागदांत ‘१९२२, अलर्ट बे’ असं दिसलं की तिथेच थांबा. १८८५ ते १९५१ या काळात किनारा सोडलेली कुठलीही सोहळ्याची वस्तू विकली गेली की विकावी लागली, हा प्रश्न उरतोच. त्याआधीच देवीच्या साथींनी गावंच्या गावं ओस पडली होती, मिशनरी जुन्या वस्तू टाकायला सांगत होते, कायदा मानगुटीवर होता. अशा वेळच्या पावतीवरची सही राजीखुशीची मानायला मी तरी तयार नाही.

काही वस्तूंकडे तर फिरकूच नका. ट्लिंगिट शमनांचं (वैदू-मांत्रिकांचं) साहित्य पुष्कळदा त्यांच्या थडग्यांच्या घरकुलांतून उचललेलं असतं. कोस्ट सॅलिश समाजाचे स्ख्वायख्वे मुखवटे तो समाज परक्यांना दाखवतही नाही, आणि शहाणी संग्रहालयं ते मांडत नाहीत. स्मृतिखांब, घराचे खांब आणि तांब्याचे मानाचे पत्रे यांचंही तेच.

डोळा तयार करणं

पहिलं वर्षभर फक्त बघा. व्हँकुव्हरचं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मानवशास्त्र संग्रहालय, व्हिक्टोरियाचं रॉयल बीसी म्युझियम, सिॲटलचं बर्क म्युझियम, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातलं २०२२ मध्ये नव्याने मांडलेलं वायव्य किनारा दालन, ही मोठी ठिकाणं. पण अलर्ट बेचं उमिस्ता केंद्र आणि हायडा ग्वाई म्युझियम चुकवू नका, कारण तिथे वस्तूंबद्दल त्या समाजाची माणसंच बोलतात. पुण्या-मुंबईत बसून अभ्यास करायचा तर ‘रेसिप्रोकल रिसर्च नेटवर्क’ हा ऑनलाइन साठा आहे. किनाऱ्यावरचे समाज आणि संग्रहालयं यांनी मिळून तो उभारलाय, आणि बऱ्याच संग्रहालयांतल्या वस्तू तिथे एकत्र बघता येतात.

उत्तरेकडच्या चित्रशैलीचा कणा म्हणजे जाड-बारीक होत जाणारी, सहसा काळी, सलग रेषा. इंग्रजीत तिला फॉर्मलाइन म्हणतात. बिल होम यांनी १९६५ मध्ये तिची सविस्तर फोड केली, त्यानंतर जाणकार याच भाषेत बोलतात. डोळे, सांधे, पंजे यांच्या जागी येणारा कोपरे गोलावलेला, वरच्या बाजूला किंचित फुगीर आणि खाली सपाट असा ओव्हॉइड, आणि पंख, कान, शेपटी भरणारे यू आकार. पेन्सिल घ्या आणि एक ओव्हॉइड काढून बघा. नकली कामात तो रबरी किंवा लोळागोळा झालेला दिसतो, जुन्या हायडा पेटीवर ताणलेल्या कातड्यासारखा दिसतो, आणि हा फरक हाताने काढल्याशिवाय डोळ्यात बसत नाही. दक्षिणेकडे क्वाक्वाकावाक्व मुखवटे अधिक नाट्यमय आणि रंगीत; विसाव्या शतकात तिथे बाजारातला एनॅमल रंग सर्रास वापरला गेला, तेव्हा चकचकीत रंग दिसला म्हणून वस्तू बाद करू नका. क्वाक्वाकावाक्व कारागीर विली सीवीड यांचं काम बघितलंत की हे लगेच पटेल.

हातात घेतल्यावर

वाकवलेल्या लाकडाच्या पेटीची परीक्षा सगळ्यात समाधान देणारी असते. रेड सीडरच्या एकाच फळीला तीन ठिकाणी आडव्या खाचा पाडतात, वाफेवर मऊ करून फळी वळवतात, आणि चौथा कोपरा लाकडी खुंट्यांनी किंवा मुळांच्या दोरीने शिवतात. तळ वेगळा बसवतात. म्हणजे पेटी फिरवून बघितली तर तीन कोपऱ्यांवरून लाकडाच्या रेषा अखंड वळत गेलेल्या दिसायला हव्यात आणि जोड फक्त एका कोपऱ्यात. चारही कोपऱ्यांत जोड असेल तर ती सुताराने चार फळ्यांची केलेली पेटी आहे, वरचं चित्र कितीही देखणं असो. झाकणाच्या कडेला शंखाची पांढरी झाकणं जडवलेली असतील तर त्यांच्या खोबणी बघा. जुन्या पेटीत त्या एकेक हाताने कोरलेल्या, थोड्या कमी-जास्त असतात. ड्रिलच्या गोल भोकांत गोंदाने चिकटवलेले शंख जुन्या कामात नसतात.

मुखवटा हातात आला की तो उलटा करा. विक्रेता पुढची बाजू कौतुकाने दाखवत असतो, खरी गोष्ट मागे असते. नाचाचा मुखवटा घालण्याजोगा असायला हवा: आतून पातळ पोखरलेला, कपाळ आणि हनुवटी जिथे टेकते तिथे घासून गुळगुळीत झालेला, घामा-श्वासाने काळवंडलेला. बांधायच्या दोऱ्यांची भोकं कडेला ओढून झिजलेली, काहींत दातांनी धरायची पट्टी. डोळ्यांच्या भोकांतून खरंच दिसतं का, ते चेहऱ्यापासून थोडं दूर धरून बघा. चेहऱ्याला लावू नका, कारण पुढे येतंय. प्रवाशांसाठी केलेल्या मुखवट्याची मागची बाजू बहुधा जाड, ओबडधोबड आणि सगळीकडे एकाच रंगाची असते. एकसारखा तपकिरी ‘जुनेपणा’ म्हणजे चहा किंवा बुटाचं पॉलिश. खरा मळ हात लागतो तिथेच बसतो.

लाकूड ओळखायला वेळ लागतो, पण लागेलच. मुखवटे बरेचदा आल्डरचे, बारीक पोताचे. रेड सीडर हलकं, सरळ रेषांचं. यलो सीडरचा वास उग्र. दंडुके, धनुष्यं यांसाठी यू नावाच्या झाडाचं जड लाकूड. हत्यारांच्या खुणाही बघा: वाकसाच्या छोट्या, लयीत पडलेल्या घावांच्या ओळी आणि वाकड्या सुरीचे लांब काप. मशिनने घासलेल्या पृष्ठभागावर यातलं काहीच राहत नाही. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र झाले आणि फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकातला, तेव्हा १८६० च्या म्हणवल्या जाणाऱ्या मुखवट्यात असला स्क्रू दिसला तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे.

नवशिक्याला मी हॅलिबट माशाचा गळ सुचवेन. दोन लाकडी दांडे एका टोकाला बांधून कोन केलेला, एकावर कोरीव आकृती, दुसऱ्याला हाडाचा किंवा लोखंडी काटा. एक दांडा हलक्या लाकडाचा, दुसरा जड, म्हणजे पाण्यात गळ नीट तरंगतो. मुळांच्या दोरीची बांधणी, मिठाने पांढरट झालेलं लाकूड, माशाच्या दातांचे ओरखडे हे सगळं बघता येतं. तो रोजच्या मासेमारीचा असल्यामुळे मालकीचा पेचही बहुतेकदा सौम्य असतो. बहुतेकदा म्हटलं, कारण काही गळही थडग्यांतून निघालेत.

कागद आणि नावं

वस्तूच्या मागे जुने आकडे, चिठ्ठ्या, शाईने लिहिलेले नंबर असतील तर पुसू नका, आधी फोटो काढा. लंडनचा व्यापारी विल्यम ओल्डमन, व्हिक्टोरियाचे डॉ. चार्ल्स न्यूकोम, अमेरिकी नौदलातला लेफ्टनंट जॉर्ज एमन्स यांच्या हातून गेलेल्या वस्तूंच्या नोंदी सापडू शकतात. मात्र एमन्सचं नाव दुधारी आहे. वस्तू खरी असल्याची ती जवळजवळ खात्री, आणि ती शमनाच्या थडग्यातून आल्याची शक्यताही तितकीच.

चांगल्या कागदांची किंमत किती होते याचं उदाहरण डंडास संग्रह. रेव्हरंड रॉबर्ट डंडास यांनी १८६३ मध्ये मेटलाकाटला इथे मिशनरी विल्यम डंकनकडून सिम्शियन वस्तू घेतल्या, रोजनिशी ठेवली आणि सगळं एका घराण्यात राहिलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला तेव्हा एकूण ७० लाख डॉलरवर रक्कम गेली, एका मुखवट्याचेच १८ लाख आले. बऱ्याच वस्तू कॅनडात परत गेल्या. पण सिम्शियन लोकांना आपल्याच पूर्वजांच्या वस्तू परत मिळवायला कोणाला पैसे का द्यावे लागावेत, हा प्रश्न त्या लिलावाने सुटला नाही.

ब्रिटिश घराण्यांच्या पेटाऱ्यांतून या वस्तू का निघतात, याचा एक धागा थेट मुंबईत येतो. १७८५ च्या डिसेंबरात जेम्स स्ट्रेंज मुंबईहून ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्सपेरिमेंट’ ही दोन जहाजं घेऊन समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांच्या व्यापारासाठी निघाला आणि पुढच्या उन्हाळ्यात नूटकाला, नुचानुल्थ लोकांच्या किनाऱ्याला लागला. त्याच्यासोबत मुंबई फौजेतला एक तरुण अधिकारी होता, अलेक्झांडर वॉकर. गायकवाडांच्या दरबारी पुढे रेसिडेंट झालेला, काठियावाडच्या वॉकर सेटलमेंटमुळे आपल्याला माहीत असलेला कर्नल वॉकर तो हाच. अठराव्या शतकातल्या अशा वस्तू आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बाजारात येतात. ‘दर्यावर्दी जेम्स कुकच्या सफरीतली’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

खरेदी

विक्रेत्याला हे लेखी विचारा:

- कोणत्या समाजाची, शक्य असेल तर कोणत्या गावाची?
- किनाऱ्यावरून कधी, कोणाच्या हातून बाहेर पडली?
- त्या समाजाच्या सांस्कृतिक केंद्राला फोटो दाखवलाय का?
- पिसं, केस, शंख, मिशा नेमक्या कोणत्या प्राण्याच्या?
- मालकीवर वाद निघाला तर पैसे परत मिळतील का?

शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे असं कधी होत नाही’ हे उत्तर आलं तर दुकान सोडा. संशय असेल तर तुम्हीच फोटो संबंधित केंद्राला पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, त्या लोकांना दुसरी कामं असतात. लिलावाची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नका.

नकली माल उघड फिरतो. अलास्कातल्या केचिकानच्या एका दुकानदाराला फिलिपिन्समध्ये कोरून आणलेल्या वस्तू अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या म्हणून विकल्याबद्दल २०२३ मध्ये दोन वर्षांची कैद झाली. आर्जिलाइटच्या नावाखाली साच्यातली राळही विकतात. तळाशी साच्याची शिवण किंवा बुडबुडे दिसतात.

बजेट मर्यादित असेल तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले नाव असलेले छोटे खांब बघा. एलन नील यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात बसून कोरलेले, किंवा सिॲटलच्या १८९९ पासूनच्या ‘ये ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ने विकलेले विल्यम्स कुटुंबाचे. ते विकण्यासाठीच केलेत, कारागिराचं नाव आहे, मन साफ राहतं. आणि हयात कारागिराकडून नवा मुखवटा घ्यायला लाजू नका. ‘जुनं तेच खरं’ हा संग्राहकांचा हट्ट मला कधी कळला नाही.

कायदा, थोडक्यात

अमेरिकेत १९९० चा नॅगप्रा कायदा (मूळ रहिवाशांच्या अस्थी आणि पवित्र वस्तू परत देण्याबद्दलचा) मुख्यतः सरकारी निधी घेणाऱ्या संग्रहालयांवर आहे, पण समाजाच्या सामूहिक मालकीच्या वस्तूंचा बेकायदा व्यापार हा खाजगी माणसालाही गुन्हा आहे. डिसेंबर २०२२ च्या स्टॉप कायद्याने अशा वस्तू देशाबाहेर नेणंही बंद झालं. गरुडाच्या पिसांना वयाची सवलत नाही: जुन्या वस्तूंवरची पिसंही विकता येणार नाहीत, असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच मान्य केलं. समुद्री सस्तन प्राण्यांचे अवयव असतील तर वेगळा कायदा लागतो. शिरोभूषणांवरच्या समुद्रसिंहाच्या मिशा त्यातच येतात.

कॅनडातून परत पुण्याला निघाला असाल तर पॅकर्सना सामान देण्याआधी बघा. पन्नास वर्षांहून जुनी, कारागीर हयात नसलेली आणि मूळ रहिवाशांची वस्तू ३,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर निर्यातीचा परवाना लागतो. भारतात आणल्यावर शंभरी ओलांडलेली वस्तू पुन्हा बाहेर न्यायची झाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. म्हणजे उद्या ती मूळ समाजाला द्यायची झाली तरी अडकेल. माझ्या मते सोहळ्याची जुनी वस्तू भारतात आणूच नये.

घरात

जुन्या संग्रहालयांनी किडीसाठी आर्सेनिक आणि पाऱ्याची क्षारं वापरली. ती लाकडात, पिसांत, कातड्यात अजून असतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, मुलांच्या हाती देऊ नका, आणि मुखवटा फोटोसाठीसुद्धा चेहऱ्याला लावू नका. खात्री करायची तर एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने तपासून घेता येतं.

लाकडाला सारखी बदलणारी हवा सोसत नाही. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली, आणि ती स्थिर असणं त्याहून चांगलं. मुंबईत पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते आणि रात्री एसी लावला की धाडकन खाली येते. सीडर रेषेवर तडकतं ते यामुळे. वस्तू एसीच्या झोतात, बाहेरच्या ओल्या भिंतीवर, उन्हात ठेवू नका. बंद काचेच्या कपाटात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. जवसाचं तेल, पॉलिश, ओलं फडकं यातलं काहीही नको. जुना रंग सुटून येतो. मऊ ब्रशने धूळ झाडा, बस. खाली बारीक पीठ दिसलं तर भुंगा लागलाय. वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून वेगळी ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. उणे २० अंशांत गोठवून कीड मारता येते, पण शंख जडवलेले असतील तर विचारल्याशिवाय नको.

आणि ती चुकीच्या ढिगातली निघाली तर

वारशात आलेली, लिलावात घेतलेली वस्तू पुढे दुसऱ्या ढिगातली निघते, असं होतं. लपवू नका आणि घाईने विकूही नका. सगळ्या बाजूंनी फोटो, मापं, मागचे नंबर, तुमच्याकडे असलेले सगळे कागद असं एका पत्रात घालून संबंधित समाजाच्या केंद्राला पाठवा: क्वाक्वाकावाक्व वस्तू असेल तर उमिस्ता, हायडा असेल तर हायडा ग्वाई म्युझियम, अलास्कातली असेल तर जुनोची सीअलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूट. कोणत्या समाजाची तेच कळत नसेल तर ‘असोसिएशन ऑन अमेरिकन इंडियन अफेअर्स’ ही संस्था वाट दाखवते. पत्रात ‘मला यासाठी काय मिळेल’ हे विचारू नका; त्या समाजाला वस्तू हवी आहे का आणि कशी हवी, हे विचारा. कधी ते घेतात, कधी सोहळ्यासाठी काही काळ मागतात, कधी ‘तुमच्याकडेच ठेवा, पण अशी ठेवा’ असं सांगतात.

खाजगी घरातून वस्तू परत गेल्याचीही उदाहरणं आहेत. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांच्या संग्रहातलं एक शिरोभूषण १९२१ च्या पॉटलॅचनंतर जप्त झालेल्यांपैकी निघालं. २००३ मध्ये त्यांच्या मुलीने ते अलर्ट बेला परत दिलं. पाठवण्याचा खर्च, विमा आणि निर्यातीचे कागद यांबद्दल केंद्राशी आधीच बोलून घ्या. वस्तूवर आर्सेनिक असण्याची शक्यता असेल तर पार्सलवर बाहेरून तसं ठळक लिहा, कारण उघडणारा माणूस ती हाताने उचलणार आहे.